कृषिवनातील गायक पक्ष्यांची संसाधन-विभागणी

कृषिवनातील गायक पक्ष्यांची संसाधन-विभागणी म्हणजे पिके आणि वृक्ष एकाच जमिनीत वाढवल्या जाणाऱ्या भूप्रदेशात, जवळचे नाते असलेल्या गायक पक्ष्यांच्या जातींनी अधिवास, अन्न आणि काळ यांचा वेगवेगळ्या रीतीने उपयोग करून एकत्र नांदणे. एकाच कुळातील वा प्रजातीतील पक्षी शरीररचनेने व सवयींनी सारखे असतात, त्यामुळे त्यांच्यात अन्नासाठी स्पर्धा होण्याचा संभव अधिक असतो. असे असूनही एका कॉफी मळ्यात किंवा सुपारीच्या बागेत बुलबुलांच्या तीन-चार आणि पर्णवटवट्यांच्या तितक्याच जाती आढळू शकतात. हे सहअस्तित्व कशामुळे शक्य होते आणि बागेतील वृक्षरचना बदलल्यावर त्याचे काय होते, हे या विषयातील मुख्य प्रश्न आहेत.

भारतात या विषयाचे महत्त्व पश्चिम घाटात विशेष आहे. कर्नाटकातील सावलीतले कॉफी मळे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपारीच्या बागा, केरळ व तमिळनाडूतील वेलदोड्याचे मळे, गोव्यातील कुळागरे आणि कोकणातील नारळ-सुपारीच्या वाड्या ही तेथील प्रमुख कृषिवने होत. प्रस्तुत लेखात मुख्यतः याच प्रदेशातील उदाहरणे घेतली आहेत.

संज्ञा

गायक पक्षी हा पॅसेरिफॉर्मिस या गणाचा उपगण आहे. या पक्ष्यांचे स्वरयंत्र गुंतागुंतीचे असते आणि त्यांतील बहुतेक जातींची पिल्ले आपले गाणे प्रौढ पक्ष्यांकडून ऐकून शिकतात. जगातील पक्ष्यांच्या एकूण जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती या उपगणात मोडतात. बुलबुल, वटवटे, शिंजीर, फुलटोचे, कोतवाल, कस्तूर आणि हळद्या हे सर्व गायक पक्षी आहेत. कोतवालासारख्या काही पक्ष्यांचा आवाज कर्कश असला, तरी वर्गीकरण स्वरयंत्राच्या रचनेवर व वंशसंबंधांवर आधारलेले असल्याने त्यांचाही समावेश याच उपगणात होतो.

एखाद्या जातीला जगण्यासाठी आवश्यक असणाऱ्या परिस्थितीच्या व साधनांच्या समुच्चयाला त्या जातीचे परिस्थितिकीय कोनाडे म्हणतात. दोन जातींची कोनाडी जितकी एकमेकांवर पडतात, तितकी त्यांच्यातील परस्परव्याप्ती अधिक मानली जाते. संसाधन-विभागणी म्हणजे ही परस्परव्याप्ती कमी करणारे जातीजातींमधील फरक होत.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

रशियन जीवशास्त्रज्ञ जॉर्जी गाउसे यांनी १९३४ साली पॅरामिशियम या एकपेशीय जीवांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मर्यादित अन्नावर दोन जाती एकत्र वाढवल्या असता त्यांपैकी एक जाती दुसरीला नाहीशी करते, असे त्यांना दिसले. यातून स्पर्धात्मक वर्जनाचे तत्त्व रूढ झाले. या तत्त्वानुसार सर्व साधने अगदी सारख्याच रीतीने वापरणाऱ्या दोन जाती स्थिर परिस्थितीत कायमच्या एकत्र राहू शकत नाहीत. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी हा विचार पक्ष्यांना लावला आणि १९७१ च्या आपल्या ग्रंथात जगभरातील निकटसंबंधी जातींमधील परिस्थितिकीय विलगतेचा आढावा घेतला.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध क्षेत्रीय अभ्यास अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ रॉबर्ट मॅकआर्थर यांचा आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातील स्प्रूस वृक्षांच्या अरण्यात वटवट्यांसारख्या पाच लहान कीटकभक्षी जाती एकत्र राहतात. मॅकआर्थर यांनी प्रत्येक झाडाचे उंचीनुसार व फांदीच्या आतल्या-बाहेरच्या भागांनुसार विभाग पाडले आणि कोणता पक्षी कोणत्या विभागात किती वेळ घालवतो याची नोंद केली. एकच झाड पाचही जातींनी वेगवेगळ्या तऱ्हेने वाटून घेतल्याचे या नोंदींतून दिसले. काही जाती शेंड्याच्या बाहेरील डहाळ्यांवर, काही मधल्या भागात खोडाजवळ, तर एक जाती सर्वत्र थोडी थोडी वावरत होती. हा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६१ साली रॉबर्ट व जॉन मॅकआर्थर यांनी पर्णसंभाराचे थर जितके अधिक, तितकी पक्ष्यांची विविधता अधिक, असा संबंध दाखवून दिला. कृषिवनांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, कारण बागेत किती थर राहू द्यायचे हे बागायतदार ठरवतो.

थॉमस शोनर यांनी १९७४ साली घेतलेल्या आढाव्यानुसार प्राण्यांमध्ये अधिवासाची विभागणी सर्वाधिक, अन्नप्रकाराची त्याखालोखाल आणि काळाची सर्वांत कमी आढळते.

पश्चिम घाटातील कृषिवने

भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि कोडगू, चिक्कमगळूरु व हासन हे त्यातील प्रमुख जिल्हे आहेत. भारतातील कॉफी बहुतांशी सावलीत घेतली जाते. मूळ अरण्यातील काही वृक्ष राखून त्यांच्याखाली कॉफीची झुडपे लावण्याची आणि वृक्षांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवण्याची पद्धत रूढ आहे. अशा मळ्यात फणस, उंबर व त्याच्या वर्गातील इतर वृक्ष, शिसम, बिवळा, बेहडा, जांभूळ यांचे उंच छत्र, मधल्या थरात पांगाऱ्यासारखी लहान झाडे व मिरीचे वेल आणि खाली कॉफीची झुडपे असे तीन ठळक थर दिसतात.

गोव्यातील कुळागरात सुपारी व नारळ यांच्या जोडीला केळी, मिरी, अननस, फणस आणि कोकम ही पिके असतात. कोकणातील वाड्यांमध्ये यांबरोबर जायफळ व दालचिनीही लावली जाते. सुपारीची पोफळ सरळ वाढणारी व लहान शेंड्याची असल्याने तिच्यामुळे दाट छत्र तयार होत नाही. बागेतील थर मुख्यतः आंतरपिकांमुळे निर्माण होतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपारी बागायतदारांना बागेलगतच्या जंगलातून पाला व हिरवळीचे खत गोळा करण्याचे परंपरागत हक्क आहेत. या राखलेल्या जंगलाला कन्नडमध्ये सोप्पिनबेट्ट म्हणतात. या भागातील पक्ष्यांचा जय रंगनाथन, आर. जे. रंजित डॅनियल्स, एम. डी. सुभाषचंद्रन, पॉल अर्लिक आणि ग्रेचेन डेली यांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक वर्षे सलग लागवडीखाली असलेल्या या प्रदेशात सुपारीच्या बागांमध्ये स्थानिक अरण्याशी निगडित पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती टिकून असल्याचे त्यांना आढळले. याची दोन कारणे त्यांनी दिली. पहिले, आंतरपिकांमुळे बागेला आलेली थरांची रचना. आणि दुसरे, पाल्यासाठी राखलेले लगतचे जंगल.

पश्चिम घाटातील कॉफी, सुपारी व रबर या तिन्ही पिकांच्या कृषिवनांची पाहणी कृती कारंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पक्ष्यांच्या २०० हून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आणि तिन्ही पिकांपैकी कॉफीच्या मळ्यांत जातींची संख्या सर्वाधिक आढळली.

पक्षिगटांनुसार विभागणी

पर्णवटवटे

पर्णवटवटे (फायलोस्कोपस) हे हिरवट-करड्या रंगाचे, दिसायला एकमेकांशी अत्यंत साम्य असणारे लहान कीटकभक्षी पक्षी आहेत. अनेक जाती केवळ आवाजावरूनच खात्रीने ओळखता येतात. पश्चिम घाटात येणाऱ्या जाती हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे वीण घालतात आणि साधारणपणे सप्टेंबर ते एप्रिल हा काळ दक्षिणेत घालवतात. म्हणजे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ते याच बागांत व अरण्यांत असतात.

हिरवट पर्णवटवट्या (फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडस) हा यांतील सर्वांत सहज आढळणारा पक्षी आहे. सुमारे ८ ग्रॅम वजनाचा हा पक्षी मधल्या व वरच्या थरातील पानांवरून, कधी क्षणभर हवेत तरंगत, लहान कीटक टिपतो. हिवाळ्यात तो एकेकटा राहून आपल्या जागेचे रक्षण करतो, आणि ‘ची-वी’ असा त्याचा वारंवार होणारा आवाज हा त्या मालकीचाच पुकारा असतो. मोठ्या चोचीचा पर्णवटवट्या (फायलोस्कोपस मॅग्निरॉस्ट्रिस) आकाराने मोठा असून दाट सावलीच्या, सदाहरित भागात अधिक दिसतो. मुकुटधारी पर्णवटवट्या (फायलोस्कोपस ऑक्सिपिटॅलिस) उंच छत्रात वावरतो व अनेकदा मिश्र थव्यांत सामील होतो. टायटलरचा पर्णवटवट्या (फायलोस्कोपस टायटलेरी) सडपातळ व लांबट चोचीचा असून वायव्य हिमालयात वीण घालतो आणि हिवाळ्यात मुख्यतः पश्चिम घाटात उतरतो.

घाटाच्या पूर्वेला, कोरड्या प्रदेशात चित्र बदलते. ह्यूमचा पर्णवटवट्या विरळ पानझडी वृक्षराजीत, तर गंधकी पोटाचा पर्णवटवट्या खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर सरकत कीटक शोधतो. या दुसऱ्या जातीने पानांऐवजी खडक व साल हे पृष्ठभाग निवडल्यामुळे इतर पर्णवटवट्यांशी तिचा संबंध फारसा येत नाही.

पर्णवटवट्यांच्या परिस्थितिकीचा दीर्घ अभ्यास ट्रेव्हर प्राइस यांनी केला आहे. ॲडम रिचमन व प्राइस यांनी काश्मीरमध्ये वीण घालणाऱ्या आठ जातींवरील १९९२ च्या संशोधनात शरीराच्या आकाराचा भक्ष्याच्या आकाराशी आणि शरीराच्या इतर प्रमाणांचा कीटक पकडण्याच्या पद्धतीशी व अधिवासाशी संबंध असल्याचे दाखवले. मधुसूदन कट्टी व प्राइस यांनी तमिळनाडूतील कळक्काड-मुंडनथुराई भागात हिरवट पर्णवटवट्याच्या हिवाळी जीवनाचा अभ्यास केला. पाऊस, कीटकांची उपलब्धता आणि पक्ष्याच्या शरीरातील चरबीचा साठा यांचे प्रमाण वर्षावर्षाला बदलते, असे त्यातून पुढे आले. हिवाळी मुक्कामातील अन्न अमर्याद नसते, हे यातून स्पष्ट होते. आणि अन्न मर्यादित असेल तरच विभागणीला अर्थ उरतो.

बुलबुल

पर्णवटवट्यांमध्ये विभागणी मुख्यतः जागेची आहे, तर बुलबुलांमध्ये जागा व फळे या दोहोंची आहे. पश्चिम घाटातील व लगतच्या प्रदेशातील प्रमुख जातींची पसंती पुढीलप्रमाणे सांगता येते :

• लालबुड्या बुलबुल (पिक्नोनोटस कॅफर) : मोकळी माळराने, शेताचे बांध, गावांतील बागा; तुलनेने कोरडा प्रदेश.
• शिपाई बुलबुल किंवा नारद बुलबुल (पिक्नोनोटस जोकोसस) : दमट प्रदेशातील कुंपणे, झुडपे, कॉफी मळ्यांच्या व बागांच्या कडा.
• पांढऱ्या भुवईचा बुलबुल (पिक्नोनोटस ल्युटिओलस) : सखल, कोरड्या भागातील दाट काटेरी झुडपे, दिसतो कमी, ऐकू येतो अधिक.
• पिवळ्या भुवईचा बुलबुल (ॲक्रिटिलास इंडिका) : सदाहरित अरण्याचा खालचा व मधला थर, दाट सावलीचे मळे.
• लालकंठी बुलबुल : दमट दऱ्याखोरी, ओढ्याकाठची झाडी, अरण्यालगतच्या बागा. हा गोव्याचा राज्यपक्षी आहे.
• राखी डोक्याचा बुलबुल : सदाहरित अरण्य व त्यातील बांबूची बेटे, पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही.
• काळा बुलबुल : डोंगराळ अरण्यातील उंच छत्र, थव्याने फिरतो.

सर्व बुलबुल लहान, मांसल फळे बहुधा अख्खी गिळतात. कोणते फळ गिळता येईल हे चोचीच्या उघडण्याच्या रुंदीवर ठरते. त्यामुळे उंबरवर्गीय झाडे किंवा घाणेरी फळांनी लगडली की अनेक जाती एकाच झाडावर जमतात आणि अन्नाची परस्परव्याप्ती एकदम वाढते. अशा वेळी फळे विपुल असल्याने स्पर्धा तीव्र होत नाही. फळांचा हंगाम सरला की प्रत्येक जाती आपापल्या ठरलेल्या थराकडे व झाडोऱ्याकडे परतते, आणि जातीजातींमधील फरक अधिक स्पष्ट दिसतात. विणीच्या काळात सर्वच बुलबुल पिल्लांना कीटक भरवतात. त्या काळात फळझाडांइतकीच कीटक पोसणाऱ्या झाडांची गरज असते.

शिंजीर, कोळीखाऊ आणि फुलटोचे

फुलांतील मध हे शिंजिरांचे मुख्य अन्न असून त्यांच्यातील विभागणीत चोचीची लांबी व वक्रता निर्णायक ठरते. लोटनच्या शिंजिराची चोच लांब व ठळक वाकडी असते. जांभळ्या शिंजिराची चोच त्याहून आखूड असून तो मोकळ्या, कोरड्या भागातही सहज राहतो. जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर बागा व वस्तीजवळच्या झाडीत वर्षभर आढळतो. छोटा शिंजीर (लेप्टोकोमा मिनिमा) ही पश्चिम घाटापुरती मर्यादित, अगदी लहान आकाराची जाती अरण्यात तसेच लगतच्या सावलीच्या मळ्यांतही राहते. फूल लांब नळीचे असेल तर आखूड चोचीचे शिंजीर त्याच्या बुडाशी छिद्र पाडून मध घेतात. त्यामुळे चोचीने घातलेली मर्यादा पूर्णपणे बंधनकारक राहत नाही.

शिंजिरांच्याच कुळातील छोटा कोळीखाऊ (ॲरॅक्नोथेरा लॉन्जिरॉस्ट्रा) खूप लांब चोचीचा असून केळफुलांशी त्याचे विशेष नाते आहे. तो केळीच्या किंवा तशाच रुंद पानाच्या खालच्या बाजूला घरटे टाचतो. कुळागरातील केळीचा थर हा या एका जातीला अन्न व निवारा दोन्ही पुरवतो.

फुलटोच्यांचे जीवन बांडगुळाशी जोडलेले आहे. टिकेलचा फुलटोचा बांडगुळाची फळे खातो आणि त्याची चिकट बीजे विष्ठेवाटे दुसऱ्या फांदीवर रुजतात. प्रिया दाविदार यांनी १९८० च्या दशकात दक्षिण भारतातील बांडगुळे आणि त्यांचे परागण करणारे पक्षी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. जाड चोचीचा फुलटोचा उंबरवर्गीय फळांवरही उपजीविका करतो, तर निलगिरी फुलटोचा पश्चिम घाटाच्या दमट भागात राहतो. आंबा व इतर फळझाडांवरील बांडगूळ हे शेतकऱ्यांच्या दृष्टीने उत्पन्न घटवणारे परजीवी असून ते काढून टाकण्याची शिफारस कृषी खाते करते. त्यामुळे बागेतील पीकसंरक्षण आणि फुलटोच्यांचे अन्न यांत थेट विरोध निर्माण होतो.

कोतवाल

उडते कीटक पकडणाऱ्या कोतवालांमध्ये (डायक्रुरस) बसण्याच्या जागेवरून विभागणी ओळखता येते. काळा कोतवाल उघड्या शेतात, तारांवर किंवा गुरांच्या पाठीवर बसतो. हिवाळ्यात येणारा राखी कोतवाल उंच वृक्षांच्या शेंड्यांवरून वर झेपावतो. कांस्य कोतवाल छत्राखालच्या मोकळ्या जागेत, तर पांढऱ्या पोटाचा कोतवाल पानझडी झाडीत शिकार करतो. भृंगराज किंवा पल्लवपुच्छ कोतवाल मधल्या थरात राहून इतर पक्ष्यांच्या थव्यांबरोबर फिरतो आणि त्यांच्या हालचालींमुळे उडालेले कीटक पकडतो. छत्र विरळ केल्यास कांस्य कोतवालाची जागा कमी होते आणि काळ्या कोतवालाची वाढते, त्यामुळे कोतवालांची एकूण संख्या जवळपास तीच राहूनही जाती बदलू शकतात.

काळानुसार विभागणी

दिवसाच्या वेळेनुसार विभागणी लहान गायक पक्ष्यांमध्ये फारशी आढळत नाही, कारण सर्वच दिवसा, विशेषतः सकाळी व संध्याकाळी, अन्न शोधतात. ऋतुमानानुसार होणारी विभागणी मात्र ठळक आहे. स्थलांतरित वटवटे हिवाळ्यात येतात. पश्चिम घाटातील बहुतेक स्थानिक पक्ष्यांची वीण उन्हाळा व पावसाळ्याच्या सुरुवातीस होते आणि वटवट्यांचे परतीचे स्थलांतर त्याच सुमारास सुरू होते. पिल्लांना कीटकांची सर्वाधिक गरज असते तेव्हा पाहुण्या जातींची बरीच संख्या निघून गेलेली असते.

पांगारा, काटेसावर यांसारखे वृक्ष हिवाळ्याच्या अखेरीस पर्णहीन अवस्थेत फुलतात. त्या वेळी शिंजीर, बुलबुल, कोतवाल, मैना असे वेगवेगळ्या कुळांतील पक्षी एकाच झाडावर मधासाठी जमतात. इतरत्र अन्न कमी असताना हा मध उपलब्ध होत असल्याने एखाद-दुसरा पांगाराही संपूर्ण मळ्यातील पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

मिश्र थवे

एकाच अन्नासाठी स्पर्धा करणाऱ्या जाती एकमेकांना टाळतील, अशी अपेक्षा असते. पश्चिम घाटात व श्रीलंकेत मात्र अनेक जातींचे पक्षी मिश्र थव्यांत एकत्र अन्न शोधताना दिसतात. हरी श्रीधर व सहकाऱ्यांनी जगभरातील मिश्र थव्यांच्या नोंदींवरून केलेल्या २०१२ च्या विश्लेषणात परस्परांशी साम्य असलेल्या जाती थव्यात अधिक प्रमाणात एकत्र येतात, असे आढळले. शिकारी पक्ष्यांपासून संरक्षण, इतरांमुळे उडालेले कीटक मिळणे आणि अन्नाच्या जागेची माहिती मिळणे हे लाभ स्पर्धेच्या तोट्यापेक्षा मोठे ठरत असावेत, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे विभागणी हा सहअस्तित्वाचा एकमेव आधार मानता येत नाही.

सावलीतील बदल आणि त्यांचे परिणाम

कृषिवनातील विभागणी झाडांच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे बागेतील बदलांचे परिणाम पक्ष्यांवर निवडकपणे होतात. पश्चिम घाटातील कॉफी मळ्यांत दोन बदल विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल देशी वृक्षांच्या जागी सिल्व्हर ओक लावण्याचा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा वृक्ष झपाट्याने व सरळ वाढतो, मिरीच्या वेलाला उत्तम आधार देतो आणि त्याचे लाकूड विकता येते. देशी वृक्षांची तोड व विक्री यांवर निर्बंध असून सिल्व्हर ओकला त्यांतून सवलत आहे. त्यामुळे बागायतदाराच्या दृष्टीने तो फायदेशीर ठरतो. मात्र या वृक्षाला बुलबुलांनी खावीत अशी मांसल फळे येत नाहीत. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या व उंचीच्या झाडांमुळे छत्राचे थरही कमी होतात. सावलीची टक्केवारी पूर्वीइतकीच राहिली, तरी फळांवर आणि वेगवेगळ्या थरांवर अवलंबून असलेल्या जातींसाठी जागा घटते.

दुसरा बदल अरेबिका कॉफीऐवजी रोबस्टा लावण्याचा आहे. रोबस्टाला सावली कमी लागते, त्यामुळे छत्र विरळ केले जाते. चार्लोट चँग, कृती कारंत व पॉल रॉबिन्स यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात अरेबिकाच्या मळ्यांत जातींची संख्या अधिक आढळली, तथापि रोबस्टाच्या मळ्यांतही अरण्यावर अवलंबून असणाऱ्या अनेक जाती होत्या. पिकाच्या प्रकारापेक्षा राखलेल्या वृक्षांचे प्रमाण व विविधता अधिक निर्णायक असल्याचे यावरून सूचित होते.

तमिळनाडूतील आनैमलै डोंगरांत वालपरै पठारावर टी. आर. शंकर रामन यांनी वर्षावनाचे तुकडे आणि सावलीचे मळे यांतील पक्ष्यांची तुलना केली. देशी वृक्षांच्या सावलीतील कॉफी व वेलदोड्याचे मळे अनेक जातींना आधार देत असले, तरी वर्षावनातील काही जाती त्यांत दुर्मीळ किंवा अनुपस्थित होत्या. लगतच्या अरण्याचे अंतर व प्रमाण यांचाही पक्ष्यांवर परिणाम होतो. म्हणून कृषिवन हे अरण्याला पूरक आहे, पर्याय नाही, असे संवर्धनशास्त्रज्ञ मानतात.

केवळ जातींची एकूण संख्या मोजल्यास हे बदल नजरेतून सुटू शकतात. पिवळ्या भुवईच्या बुलबुलाच्या जागी लालबुड्या बुलबुल आला, तर बुलबुलांची संख्या तीच राहते. पण पहिली जाती दक्षिण भारत व श्रीलंकेतील दमट अरण्यांपुरती मर्यादित आहे, तर दुसरी भारतात जवळजवळ सर्वत्र आढळते. विभागणीच्या अभ्यासाचे व्यावहारिक महत्त्व येथे आहे. कोणता थर किंवा कोणते झाड नाहीसे झाल्याने कोणती जाती जाईल, हे त्यातून आधी सांगता येते.

शेतीशी संबंध

कीटकभक्षी गायक पक्षी पिकांवरील किडी खातात. एकाच बागेत पान, साल, फूल व हवा अशा वेगवेगळ्या ठिकाणी शिकार करणाऱ्या जाती असल्यास किडींवर अधिक बाजूंनी नियंत्रण राहू शकते. कॉफीच्या फळाला पोखरणारा भुंगेरा १९९० साली निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर भागात भारतात प्रथम आढळला आणि नंतर तो कॉफीवरील प्रमुख कीड बनला.

जमैकातील कॉफी मळ्यांत जाळ्यांनी पक्ष्यांना झुडपांपासून दूर ठेवून प्रयोग करण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पक्ष्यांना अटकाव केलेल्या झुडपांवर या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव वाढला. तेथेच हिवाळी मुक्कामास येणाऱ्या वटवटेसदृश पाच जातींच्या आहाराच्या २०१६ मधील अभ्यासात जातीजातींमध्ये आहाराचे फरक असले, तरी सर्वच पक्षी उपलब्ध कीटकांनुसार संधिसाधूपणे आहार बदलतात, असे दिसले. हे निष्कर्ष भारतातील मळ्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण तेथील पक्षी, कीटक व लागवडीची पद्धत वेगळी आहे.

फळभक्षी पक्षी बीजप्रसार करतात. बुलबुलांच्या विष्ठेतून पडलेल्या बीजांमुळे बागेच्या कडेला व पडीक जमिनीत देशी झाडे उगवतात. त्याच मार्गाने घाणेरीसारख्या उपद्रवी वनस्पतीही पसरतात.

अभ्यासाच्या पद्धती

क्षेत्रीय अभ्यासात पक्षी अन्न टिपतो त्या क्षणी त्याची जमिनीपासूनची उंची, झाडाची जाती, खोडापासूनचे अंतर, पृष्ठभाग (पान, डहाळी, साल, फूल, हवा) आणि टिपण्याची पद्धत नोंदवली जाते. बसल्या जागेवरून टिपणे, हवेत तरंगत टिपणे आणि झेप घेऊन पकडणे या तीन मुख्य पद्धती होत. आहाराच्या अभ्यासासाठी बारीक जाळ्यांत पकडलेल्या पक्ष्यांची विष्ठा तपासतात. अलीकडे विष्ठेतील डीएनएवरून खाल्लेल्या कीटकांची ओळख पटवली जाते. दोन जातींमधील परस्परव्याप्ती ० ते १ या पट्टीवर मोजण्यासाठी एरिक पियांका यांनी १९७३ साली मांडलेला निर्देशांक बराच वापरला जातो. यात ० म्हणजे पूर्ण वेगळेपण आणि १ म्हणजे पूर्ण सारखेपण.

मतभेद आणि मर्यादा

दोन जाती वेगवेगळ्या जागी अन्न शोधतात एवढ्यावरून त्यांच्यात स्पर्धा आहे किंवा पूर्वी होती, असे सिद्ध होत नाही. जोसेफ कॉनेल यांनी १९८० साली, आज न दिसणारी स्पर्धा भूतकाळात होऊन गेली असे गृहीत धरण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. जाती वेगवेगळ्या प्रदेशांत स्वतंत्रपणे उत्क्रांत होऊन नंतर एकत्र आल्या असतील, तरी असे फरक दिसू शकतात. डॅनियल सिंबरलॉफ व एडवर्ड कॉनर यांनी १९७९ साली, निरीक्षणांतून दिसणारी रचना निव्वळ योगायोगानेही निर्माण होऊ शकते का, हे आधी तपासावे असा आग्रह धरला. तेव्हापासून यादृच्छिक प्रतिमानांशी तुलना करणे अशा अभ्यासांत आवश्यक मानले जाते.

कृषिवनांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बागेची रचना छाटणी, फवारणी, काढणी व बाजारभाव यांनुसार काही वर्षांतच बदलते, तर पक्ष्यांची शरीररचना व सवयी हजारो पिढ्यांत घडलेल्या असतात. म्हणून बागेत दिसणारी विभागणी ही बागेत निर्माण झालेली नसून अरण्यातून सोबत आलेली असते. ती टिकण्यासाठी अरण्याचे काही थर व काही वृक्ष बागेत शिल्लक असावे लागतात. बागेतील बदल पक्ष्यांच्या संख्येत दिसून येण्यास विलंब लागू शकत असल्याने दीर्घकालीन नोंदींना विशेष महत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

• कृषिवानिकी
• पश्चिम घाट
• बुलबुल
• शिंजीर
• पक्षिस्थलांतर
• कुळागर